देवडीच्या उंबऱ्याखाली

"ही पायरी सांभाळून, मॅडम. तिसरी उंच हाय," सिद्दीकचाचा म्हणाले आणि स्वतः खाली न बघताच चढले.

स्नेहल अडखळलीच. "मुद्दाम केलीय?"

"व्हय तर! दुश्मन पळत चढला की तोंडावर पडावा म्हणून. जुनी माणसं लई बेरकी."

वडगाव रासाईच्या उसात ही देवडी उभी होती. दोन गोल बुरूज, मधे कमान, कमानीवर खोली. थेट किल्ल्याचा दरवाजा, फक्त मागं किल्ला नाही. मागं बागायतदारांचा बंगला होता, तोही कधीच पडला. वरच्या खोलीत चाचा आणि शहाबानोचाची राहत. आता नव्या रस्त्याची आखणी नेमकी कमानीतून गेली होती. देवडी शंभर वर्षांहून जुनी निघाली तर रस्ता वळणार, नाहीतर म्हातारा-म्हातारी उघड्यावर. ते ठरवायलाच स्नेहल सरकारी कचेरीतून आली होती.

दुपार सुस्त होती. उसाचे तुरे कमानीतून तरंगत येत होते. बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांतून भीमेवरचा वारा हलकी शीळ घालत होता. मोजपट्टी हातात तशीच राहिली. इथंच जरा डोळा लागावा असं स्नेहलला वाटलं.

चाचीनं चहा दिला. तिच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ होती, मधे एक जागा रिकामी.

"एक कुठं गेला, चाची?"

"हरवला, बाळा. नवी नवरी हुते तवा." चाची गालात हसली.

खाली उतरल्यावर स्नेहल म्हणाली, "चाचा, उंबरा बसवताना खाली त्या सालातलं नाणं ठेवायची गवंड्यांची रीत असते. ते सापडलं तर प्रश्नच मिटला."

चाचांनी कपबशी उंबऱ्यावरच ठेवली. "उंबरा हलवू न्हाई, मॅडम. घराला बरं नसतं."

"हळूच काढू."

स्नेहलबरोबर आलेल्या मजुरांनी पहार घातली. चाचा भिंतीला टेकून खालीच बसले.

दगड सरकला. चुन्यात नाणं होतं. स्नेहलनं ते ओढणीनं पुसलं आणि ओरडलीच, "राणीचं! चाचा, राणीचं आहे! वाचली तुमची देवडी!"

तिनं फोटो काढले, नाणं चाचांच्या हातात दिलं आणि खुशीतच गाडीत बसली.

चाचा कितीतरी वेळ नाणं निरखत राहिले. नखानं चुना खरवडला. कडेला माळेची तुटकी कडी होती.

"बानो, हे कवा ठेवलंस गं?"

"उंबरा बसवला तवाच. तुमी भाकरी खायाला बसला तवा. तुमी ठेवलेलं काढून घेतलं. नवऱ्याच्या पहिल्या गवंडीकामाखाली दहा पैसं शोभतं व्हय?"

चाचांना रडूच फुटलं. चाचीनं बटवा सोडला आणि खाचेखाचेच्या कडेचं, पांढरं, हलकं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं. साल अजून स्पष्ट होतं, १९७६.