विजयाची तार

"लिही. शत्रूचा धुव्वा उडाला. त्याच्या आगबोटी पकडून राजधानीकडे धाडतो आहोत."

सरदारांच्या बाहीतून रक्त ठिबकत होतं. खिडकीबाहेर इरावतीवर इंग्रजांच्या अकरा आगबोटी उभ्या होत्या आणि किल्ल्यातली शेवटची तोफ तासाभरापूर्वीच गप्प झाली होती. तारबाबू को ल्विनने यंत्र पुढे ओढलं. मंडालेला, ब्रह्मी राजाच्या दरबारात, पराभव कळवणाऱ्याची मान शाबूत राहत नसे, हे काय त्याला कुणी सांगायला हवं होतं? त्याने तार पाठवली. सरदार मागच्या दाराने बाहेर पडून घोड्यावर बसले. जाताना म्हणाले, आता यंत्राची तार तोड आणि तूही पळ.

त्याने पक्कड उचलली, तोच यंत्र वाजू लागलं. नदीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. मंडालेला जाणारी प्रत्येक तार तिथल्या तारघरातून पुढे जाई; तिथे त्याचा मेहुणा प्यू बसे. गडी भलताच खुशीत होता. सुभेदारांनी काठावरच्या तोफा मागे नेल्या होत्या, ढोल मागवले होते आणि पकडलेल्या बोटी बघायला अख्खं गाव घाटावर लोटलं होतं.

"ताई लेकीला घेऊन सगळ्यांत पुढे उभी आहे, दाजी. ही बातमी माझ्याच नवऱ्याने दिली म्हणून मिरवतेय नुसती."

को ल्विनने खिडकीकडे पाहिलं. बाहेर बोटी हलल्या होत्या. संध्याकाळी त्या घाटासमोर पोचणार. ढोल बडवत काठावर दाटलेली माणसं इंग्रजांना फौजच वाटणार.

पक्कड फेकून तो यंत्रावर वाकला. "प्यू, मघाची तार खोटी. आपण हरलो. बोटी इंग्रजांच्याच हातात आहेत. तुझ्या ताईला घाटावरून दूर ने, सगळ्यांना ने." घाईत अक्षरं चुकली. त्याने ती पुन्हा मारली, पुन्हा चुकली. खाली किल्ल्याचं दार फुटल्याचा आवाज आला. तरी तो उठला नाही.

मग उत्तर आलं.

"गोरे तारघर बळकावतील आणि असल्या तारा पाठवतील, हे दरबाराने आम्हाला बजावलं होतंच. मघाची तार आमच्या दाजींची होती. यंत्रावरचा त्यांचा हात, त्याची लय मी ओळखतो. तो असा चुकत नाही."