फक्कीच्या रेषा

तिसऱ्या प्रकरणापाशी मास्तर वाचता वाचता अडखळले. समोर, सगळे ज्याला 'चाळण' म्हणत तो त्यांचा जुना सवंगडी मैदानावर दोरी ताणून पांढऱ्या फक्कीची रेषा ओढत होता. "थांबलास का? वाच की," तो मान वर न करता म्हणाला.

फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं झाली होती. इतिहास लिहायचं काम मास्तरांकडे आलं होतं आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं, असं समितीनं ठरवलं होतं. मास्तर सगळ्यांकडे जाऊन आले. ज्याच्या मागच्या अंगणात अकरा जणांनी क्लब काढला त्या बेकरीवाल्याकडे गेले. शिंप्याकडे गेले. त्यानं एकाच पिंपात रंगवलेले अकरा सदरे तीन वेगवेगळ्या निळ्या छटांचे निघाले होते, ते ऐकून तो आजही भांडला. चाळणला मात्र त्यांनी आजपर्यंत टाळलं होतं. दुपारी बाराला मजकूर छापखान्यात द्यायचा होता, आता पळवाट उरली नव्हती.

चाळण नळदुरुस्तीची कामं करायचा. एके काळी तो क्लबचा गोलरक्षक होता आणि लोक त्याला 'भिंत' म्हणायचे. आठव्या वर्षी क्लब अंतिम सामन्यात पोचला, पहिल्यांदा आणि शेवटचं. अखेरच्या मिनिटाला चेंडू भिंतीला चकवून जाळ्यात गेला आणि त्याच संध्याकाळी भिंतीची चाळण झाली. क्लबची रीत अशी, की ज्याच्या चुकीनं सामना गेला त्यानं क्लब पुन्हा जिंकेपर्यंत मैदानाच्या रेषा मारायच्या. महिन्याभरात क्लब जिंकला. चाळण मात्र रेषा मारायला येतच राहिला. ऊन असो, थंडी असो, बेचाळीस वर्षं दर रविवारी. फार मनाला लावून घेतलंय बिचाऱ्यानं, असं लोक म्हणायचे.

खरी गोष्ट मास्तरांना ठाऊक होती. त्या दिवशी ते बचावाला होते. चिखलात, पायांच्या गर्दीत चेंडू त्यांच्या टाचेला लागून वळला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते कप्तान झाले, मग चिटणीस, मग अध्यक्ष. एकदा चाळणची बायको लेकीला घेऊन सामना बघायला आली होती. कुणीतरी मैदानाच्या कडेवरून "ए चाळण" अशी हाक मारली, सगळे हसले. मास्तरही हसले. ती बाई पुन्हा मैदानाकडे फिरकली नाही. त्या हसण्याची मास्तरांना अजून लाज वाटत होती, पण लाज वाटून कुणाचं कधी भलं झालंय?

त्यांनी घसा खाकरून वाचलं. "त्या एका चुकीचं प्रायश्चित्त म्हणून आमचे गोलरक्षक आजही रेषा मारतात. अशा निष्ठेवरच क्लब उभा आहे." लिहिताना हे वाक्य त्यांना फार झकास वाटलं होतं. आता वाचताना त्यांचे कान तापले.

चाळणनं कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत रेषा नेली आणि कंबरेवर हात ठेवून तो उभा राहिला. लिहिलंयस छान, म्हणाला, फक्त एक शब्द काढ. मास्तरांनी विचारलं, कुठला? तर म्हणाला, प्रायश्चित्त. जड झाला असेल शब्द, मास्तर घाईघाईनं म्हणाले, त्याऐवजी 'शिक्षा' लिहू का?

"शिक्षा महिन्याभरात फिटली. आणि चूक माझी नव्हतीच," चाळण शांतपणे म्हणाला. "चेंडू तुझ्या टाचेला लागला तेव्हा मी तिकडेच बघत होतो. गोलरक्षक दुसरीकडे कुठे बघणार?"

मास्तर होते तिथेच गवतात बसले. आपण साठी ओलांडलेला, चष्मा लावलेला एक चोर आहोत आणि चोरी पहिल्या दिवसापासून उघडी आहे, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. अख्खं पान आडवं खोडलं आणि खाली एक ओळ लिहिली. मग रीतीप्रमाणे ती वाचून दाखवली. "तो गोल माझ्या टाचेला लागून झाला. मी ते लपवलं."

चाळणनं मान हलवली. दोरी गुंडाळली आणि फक्कीची बादली मास्तरांच्या पुढ्यात सरकवली. मधलं वर्तुळ बाकी होतं.

मास्तरांनी बादलीची कडी धरली आणि बसल्या बसल्याच विचारलं, "मग बेचाळीस वर्षं तू इथे कशासाठी येत होतास रे?"

"तू सांगशील म्हणून," चाळण म्हणाला. "दर रविवारी तुझ्या नजरेसमोर उभं राहायला काहीतरी काम नको का?"