हर्षलाची साक्ष

घटस्फोटाच्या अर्जावर साक्षीसाठी नावाचा पुकारा झाला, तशी हर्षला प्लास्टरमधला हात सांभाळत उठली.

"तुम्ही नाही हो बाई, बसा," शिपाई म्हणाला.

कोर्टातल्या पडद्यावर तिचं सोशल मीडियावरचं खातं उघडलं. इतक्या वर्षांच्या फोटोंतून आणि मजकुरातून घडलेला तिचाच चेहरा हसत तिच्याच आवाजात बोलू लागला. "निनाद मला फुलासारखं जपतो. हात होय? अहो, मी आहेच वेंधळी."

हर्षला वकीलबाईंच्या कानाशी लागली. "ताई, ते हसरे फोटो मी सासूबाईंच्या धाकानं टाकायचे."

"खातं उघडताना 'मान्य आहे' दाबलंत ना? वाद झाला तर खात्याचं म्हणणं तेच तुमचं म्हणणं, असं त्या अटींत लिहिलंय."

"ते कोण वाचतं, ताई?"

"मीही नव्हतं वाचलं," वकीलबाई खाली बघत म्हणाल्या.

अर्ज फेटाळला गेला. निनादनं सगळ्यांदेखत तिची पिशवी उचलली आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं. आपण सरळ आईकडे जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं, तोच हातातला फोन थरथरला. तिच्या खात्यानं परस्पर लिहून टाकलं होतं, 'गैरसमज मिटले. निघालो आमच्या घरी.'

त्याखाली आईचं उत्तरही आलं होतं. 'आता माझ्या जिवात जीव आला गं, बाळा.'