कड्यातली फट

ओढ्यापासून कड्याच्या काठाकाठाने साठ जोडपावलं मोजून हिल्का थांबली. पायांपुढे बारा मीटरचा कडा सरळ तुटला होता आणि उतरायला कुठेही जागा नव्हती.

मागून वेयो आला, क्लबचा अध्यक्ष. नकाशा वाचत जंगलातून धावायची शर्यत रविवारी होती आणि तो नकाशा आज चार वाजता छापायला जायचा होता. काढला होता हिल्काने, अख्खं जंगल पायी पिंजून. कड्याची जाड काळी रेघ तिने एका जागी तोडली होती. म्हणजे इथून खाली उतरता येतं. विमानातून झालेल्या लेझर मोजणीत मात्र कडा सलग होता.

"कुठाय तुझी फट?" वेयो म्हणाला. "पोरं धावत येऊन इथं अडकली तर शर्यत रद्द करावी लागेल. त्यापेक्षा मी रेघ जोडून टाकतो."

"गेल्या सप्टेंबरात मी स्वतः उतरलेय इथून. उतरल्याशिवाय मी रेघ तोडत नाही, माहितेय तुला."

"वय झालं की होतं असं, हिल्का. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलंच. चाळीस वर्षांत तिची एक रेघ कुणी खोडली नव्हती. फोनचा उपयोग नव्हता, कड्याजवळ त्यातला जागा दाखवणारा ठिपका वाट्टेल तिकडे भरकटायचा. ती ओढ्यापर्यंत परत गेली आणि पुन्हा मोजत आली. साठ. पुन्हा तोच सलग दगड. स्वतःच्या पावलांवर तिचा एवढा भरवसा, की जरा पुढे डोकावून पाहावं हे मनातसुद्धा आलं नाही. वेयोने नकाशाचा कागद मांडीवर घेऊन पेनाचं टोपण काढलं.

हिल्का दुखरा गुडघा चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला.

"टोपण लाव," ती म्हणाली. "मार्चमध्ये हा गुडघा बदललाय माझा. ती साठ पावलं जुन्या गुडघ्याची होती. आता पाऊल आखूड पडतं."

वेयोला हसू आलं. ती मात्र काठाने मोजत पुढे निघालीसुद्धा. सहाव्या पावलाला एका स्प्रूसच्या झाडाच्या दाट फांद्या पार जमिनीला टेकल्या होत्या. पाठ वळवून ती त्यांच्यात घुसली आणि दिसेनाशी झाली.

वेयोने दोन-तीन हाका मारल्या. ओ आली ती थेट कड्याच्या पायथ्यापासून. केसांत शेवाळ, कोपर खरचटलेलं, आणि ब्लूबेरीच्या झुडपांत कमरेवर हात ठेवून हिल्का उभी. इतका आनंद तिला एखादी शर्यत जिंकूनही झाला नव्हता.

"अगं, पण उतरलीस कुठून?" काठावर येरझाऱ्या घालत वेयोने विचारलं.

"नकाशात बघ," ती म्हणाली.