कागदाचं रुखवत

रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची गर्दी झाली, तसा संतराम खांबाआड सरकला. आखाडा बाळापूरच्या मंगल कार्यालयात अक्षतांना अजून अवकाश होता. कळमनुरीहून आलेलं वराड चहा पिऊन निवांत झालं होतं आणि नवरदेवाकडच्या बाया रुखवत बघायला उठल्या होत्या.

लाडू-करंज्यांच्या परड्या कडेला होत्या. मधलं सगळं टेबल कागदानं भरलं होतं. कागदाची विहीर, तिच्यावर कागदाचा रहाट. शिंगांना गोंडे लावलेली बैलजोडी. पांढरा कागद चुरगाळून केलेली कापसाची बोंडं आणि त्यांनी लगडलेली पऱ्हाटी. एका बाजूला हळदीचा वाफा. हिरवी रुंद पानं, प्रत्येक पानाला मधोमध शीर.

एका बाईनं पानाला बोट लावून पाहिलं. "अगं, खरीच वाटून राहिली की!"

हे सगळं संतरामनं केलं होतं. त्याची लेक कोमल तिसरीत असताना तिची आई शकुबाई तापानं गेली. संतरामनं दुसरं लग्न केलं नाही. तो लेकीची वेणी घालायला शिकला, भाकरी थापायला शिकला. लग्न ठरलं तेव्हा कोमल म्हणाली, "पप्पा, रुखवत नको आपल्याला. कोण करत बसणार?" दुसऱ्या दिवशी संतराम डोंगरकड्याच्या दुकानातून रंगीत कागद, कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन आला. दुपारी जनावरं सावलीला बांधली की तो गोठ्यातच मोबाईल समोर टेकवून बसायचा. मोबाईलमधली बाई गुलाब करायला शिकवायची. त्याचा पहिला गुलाब पत्ताकोबीसारखा झाला. कोमल हसून हसून खालीच बसली. मग त्यानं गुलाबाचा नाद सोडला आणि जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच करायला घेतलं.

लग्नासाठी त्याची थोरली बहीण रुक्माबाई आली. गोठ्यातला पसारा पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"अरे, बाप्यामाणसानं कागद कातरत बसायचं? वराडातल्या बाया हसतील. पोरीला जलमभर बोलून दाखवतील."

"मग कोमलनं केलं म्हणून सांग," संतराम म्हणाला. "तेवढंच तिचं नाव होईल."

त्याला खरंच त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

आता टेबलापाशी रुक्माबाई तेच सांगत होती. "आमच्या कोमलच्या हातचं हाय बाई सगळं. बिन आईची पोर, पण हात बघा कसा गुणी!"

नवरदेव स्वप्निलची आई गोजरबाई इतका वेळ गप्प होती. मुळात ती कमीच बोलायची. तिनं होणाऱ्या सुनेला बोलावून घेतलं. मुंडावळ्या सावरत कोमल आली. गोजरबाईनं वाफ्यातलं एक पान अलगद उचललं.

"पोरी, आपल्या घरी महालक्ष्म्या बसतात. औंदा आपण दोघी मिळून अशीच आरास करू. हे पान कसं वळवलंस, दाखव मला."

कोमलनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं डोळ्यांनी दटावलं. कोमलनं खांबाकडं पाहिलं. बापही मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण.

"मला न्हाई येत," कोमल म्हणाली. "हे सगळं माझ्या पप्पानं केलंय."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. "बापानं?" दुसरी म्हणाली. गोजरबाईनं हातातलं पान होतं तिथं ठेवलं आणि एक शब्द न बोलता ती निघून गेली.

"म्हणून सांगत होते मी," रुक्माबाई भावाजवळ येऊन पुटपुटली. संतरामचं तोंड एवढंसं झालं.

लग्न लागलं. संतरामला बायको नाही म्हणून कन्यादानाला रुक्माबाई आणि तिचा नवरा बसले. मग पंगती सुरू झाल्या. संतराम वरणाची बादली घेऊन वाढप्यांत शिरला. नवरदेवाकडच्या बायांच्या पंगतीकडं मात्र तो फिरकला नाही.

जेवणं होत आली तसा गुरुजींनी आवाज दिला. "मुलीच्या आईला पुढं आणा. पोटझाकणी द्यायची राहिली." लेक पोटात वाढवली म्हणून मुलाकडून तिच्या आईला साडी देतात, ती ही. आईच्या जागी रुक्माबाईच पाटावर बसली. गोजरबाई ताट घेऊन आली. ताटात जांभळी, जरीकाठी साडी होती. तिनं कुंकवाचं बोट उचललं आणि रुक्माबाईनं विहिणीचा हात धरला.

"थांबा, ईनबाई. मी नुसती पाटावर बसले. लेक मी न्हाई वाढवली."

ती उठली, तरातरा पंगतीत गेली आणि दंडाला धरून भावाला घेऊन आली. वरणाची बादली अजून त्याच्या हातातच होती.

"आक्का, काय करून राहिलीस? हे बायांचं हाय."

"गप बस," म्हणत तिनं बादली काढून घेतली आणि त्याला पाटावर बसवलं.

पंगतीतले घास थांबले. सगळे गोजरबाईकडं बघू लागले. संतराम मान खाली घालून बसला होता. गोजरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. खाली बसून त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. साडी उचलून त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"मघाशी मला काय बोलावं तेच सुचलं न्हाई," ती म्हणाली. "आता घ्या हे, ईनबाई."