लोकसंख्या शून्य

हनोईबाहेरच्या आमच्या वस्तीत रोज सकाळी खांबावरच्या कर्ण्यातून बातम्या ऐकवतात. वस्तीच्या कचेरीत बसून त्या मी वाचते. आज वस्तीचा वाढदिवस, म्हणून वस्तीचे प्रमुख क्वेतसाहेब यांनी इतिहास लिहून दिला होता.

मी माईकवर वाचलं, "दहा वर्षांपूर्वी इथं नुसती दलदल होती. लोकसंख्या शून्य."

बाहेर कर्ण्यातून माझाच आवाज म्हणाला, "दोनशे बारा."

"लिहिलंय तेवढंच वाच!" साहेब खेकसले. मी पुन्हा शून्य वाचलं. बाहेर पुन्हा दोनशे बारा. त्यांनी वायरच उपटली.

तरी बाहेरचा माझा आवाज थांबला नाही. पूर्वी इथल्या जुन्या गावाच्या जत्रेला घ्यायचे तशी तो घरच्या कर्त्याचं नाव पुकारत घराघराची हजेरी घेऊ लागला. "थिन्ह."

खिडकीखाली भाजी विकणारी न्यानआजी ताडकन उठली. "हजर! नवरा गेला, पण त्याच्या घरातून मी ओ देणार. क्वेता, दलदल म्हणे! तू महिन्याचा झालास तेव्हाचा गोड भात कुणी शिजवला रे? बेडकांनी?"

"डुआन," कर्णा म्हणाला. ते साहेबांचे वडील. जत्रेत वडील नसले, तर मुलानं ओ द्यायची असते.

"साहेब, ओ द्या," मी म्हणाले.

"तू वाच गप!"

मी कागद फाडून त्यांच्यापुढे टाकला. "नाही वाचत. ओ द्या."

"डुआन," कर्णा पुन्हा म्हणाला.

"इथं कोणीही राहत नव्हतं!" साहेब ओरडले.

तेव्हा त्यांच्या खुर्चीखालून, फरशीच्या आतून, एक थकलेला आवाज म्हणाला, "हजर."