एक्केचाळीस हवीत, चाळीस येतात

मार्सिया कोस्कीनं पाचव्यांदा बटण दाबलं आणि प्रिंटरनं पाचव्यांदा चाळीसच लेबलं बाहेर टाकली. यादीत माणसं एक्केचाळीस. शेजारच्या टेबलावर खिमा-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी कागदात गुंडाळून ठेवलेल्या, त्याही एक्केचाळीस. साडेदहा वाजले होते आणि सव्वाअकराला गाडी निघायलाच हवी होती. इश्पेमिंग गावातली एकेकटी राहणारी माणसं मंगळवारी चर्चच्या डब्याची वाट बघत बाराच्या आधीच खिडकीशी येऊन बसतात.

“अगं, दर मंगळवारी एक उरतेच,” चर्चच्या तळघराच्या दाराला टेकून वेन म्हणाला. डबे पोचवायची गाडी तोच चालवायचा. “तू हे कॉम्प्युटरचं काढल्यापासून तीन आठवडे बघतोय. स्वयंपाकघरातल्या बायका मोजायला चुकतात आणि मी खाऊन टाकतो. मला काही तक्रार नाही.”

“बायका नाही चुकत. आणि त्या किल्ल्या वाजवू नकोस.”

लेबलं छापायचा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता, एकसष्टाव्या वर्षी, ग्रंथालयातल्या फुकट वर्गात शिकून. तीन आठवडे ती त्याचं कौतुक भेटेल त्याला ऐकवत होती. आज मात्र तिनं पहिल्यांदाच लेबलं मोजली होती आणि जीव टांगणीला लागला होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका फोरमवर तिनं दहा वाजता प्रश्न टाकला होता: ‘माझा प्रोग्रॅम चालत नाही. तातडीचं आहे. प्लीज मदत करा.’ त्यावर तिघांनी उणे मत दिलं होतं आणि एकानं लिहिलं होतं, ‘माझी गाडीपण चालत नाही. ओळखा पाहू का ते.’

मार्सियाचे कान तापले. चर्चच्या बायकांच्या मंडळात इतकी वर्षं वावरून कुणी तिला असं फटकारलं नव्हतं. ती प्रश्न पुसून टाकायलाच निघाली होती, तेवढ्यात खाली नवी ओळ उमटली. लिहिणाऱ्यानं टोपणनाव घेतलं होतं ‘म्हातारा मूस’, रानातलं ते थोराड सांबर.

‘पुसू नका, नीट विचारा. काय हवं होतं आणि काय आलं, ते आकड्यांत लिहा. मग पाचच ओळींची छोटी यादी करून दाखवा, तिच्यातही हाच बिघाड दिसला पाहिजे. खऱ्या लोकांची नावं-पत्ते इथे टाकू नका. मनानं रचा.’

तिनं प्रश्नाचा मथळा बदलला: ‘एक्केचाळीस हवीत, चाळीस येतात.’ मग भराभर पाच माणसं रचली. एकाला आपल्या मांजराचं नाव दिलं, एकीला शाळेतल्या खाष्ट बाईंचं. नाव, रस्ता, घर क्रमांक. प्रोग्रॅम चालवला, तर पाचाची पाच लेबलं आली.

‘इथे तर बरोबर चालतंय,’ तिनं कळवलं. आता रडूच कोसळेल असं तिला वाटत होतं. ‘म्हणजे माझा प्रोग्रॅम ठीक आहे का?’

‘नाही,’ मूसचं उत्तर आलं. ‘म्हणजे तुम्ही रचलेल्या माणसांत आणि खऱ्या माणसांत काहीतरी फरक आहे. यादी अर्धी करा आणि बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते बघा. मग तो अर्धा पुन्हा अर्धा. सापडेपर्यंत थांबू नका.’

पहिली वीस नावं टाकली, वीस लेबलं आली. उरलेली एकवीस टाकली, वीस आली. अकरा टाकली, दहा आली. सहाची पाच, तिनाची दोन. वेनच्या किल्ल्या केव्हाच थांबल्या होत्या. तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. शेवटी एकच नाव उरलं. ते टाकलं आणि प्रिंटर हललाच नाही.

रॉय टर्कॉट. नावापुढे रस्ता नाही, घर क्रमांक नाही, दोन्ही रकाने कोरे. प्रोग्रॅम लेबलं रस्त्यांप्रमाणे लावायचा, आणि ज्याला रस्ताच नाही त्याला न बोलता गाळून पुढे जायचा. रचलेल्या पाचही माणसांना मार्सियानं न चुकता घर दिलं होतं.

“ग्रंथालयामागे निळ्या ट्रकमध्ये राहतो तो,” वेन म्हणाला. “मला वाटलं, भावाकडे गेला असेल. लेबल नाही म्हटल्यावर मी कशाला...” त्यानं खाल्लेल्या तीन पेस्टी दोघांच्याही डोळ्यांपुढे होत्या.

रस्त्याच्या रकान्यात मार्सियानं ‘ग्रंथालयामागे, निळा ट्रक’ असं टाइप केलं. एक्केचाळीस लेबलं बाहेर आली. ‘सापडलं,’ तिनं मूसला कळवलं.

‘काय होतं तेही लिहून ठेवा,’ मूसनं लिहिलं. ‘पुढच्याला उपयोगी पडेल.’

‘लिहिते. आधी एके ठिकाणी जाऊन येते.’

त्या दिवशी गाडी सगळ्यात आधी ग्रंथालयामागे थांबली. निळ्या ट्रकच्या काचेवर बर्फ धरला होता. मार्सियानं काच ठोठावली. रॉयनं ती मोठ्या कष्टानं खाली केली, पेस्टी दोन्ही हातांनी घेतली आणि आधी कोटाच्या आत छातीशी धरली.

“तीन आठवडे, रॉय,” ती म्हणाली. राग नक्की कुणावर निघत होता, ते तिलाही सांगता आलं नसतं. “चर्च इथून दोन गल्ल्यांवर आहे. एकदा येऊन विचारायचं तरी होतंत.”

“आलो होतो की. दोनदा, अगदी दारापर्यंत.” त्यानं नजर चुकवली. “पण नक्की काय विचारायचं, तेच जुळेना. म्हटलं, नियम बदलला असेल, बाकी सगळ्यांना ठाऊक असेल. आपणच येड्यासारखं जाऊन विचारायचं आणि हसं करून घ्यायचं.”